मुलीकडचे विठ्ठलराव

विठ्ठलराव गेले. बंगळूरला, मुलीच्या घरी. इकडं चेन्नईजवळ अंबत्तूरला आमच्या फुटबॉल क्लबच्या खोलीत शोकसभा झाली. फोटोला हार घातला, दोन मिनिटं उभे राहिलो आणि मग अध्यक्ष तंगराज बोलायला उठला. तंगराजचा लेथचा कारखाना आहे, माणूस दिलदार आहे, बोललाही चांगलं. पण शेवटी म्हणाला, "विठ्ठलराव सार फार मोठे होते. एवढंच, की मॅनेजरपद सोडणं त्यांना झेपलं नाही. रागावले, आणि मैदानाकडं फिरकलेच नाहीत. चालायचंच, माणूस आहे." सगळ्यांनी माना डोलावल्या.

माझ्या मस्तकात तिडीक गेली. मी उठायला लागलो तर समोरून सेल्वमनं, म्हणजे त्यांच्यानंतर आलेल्या मॅनेजरनं, माझ्याकडं बघून अगदी बारीक मान हलवली. नको, म्हणाला. मी बसलो. पण घरी येईपर्यंत ते काही डोक्यातून जाईना. विठ्ठलरावांना मी शब्द दिला होता की ते असेपर्यंत कुणाला काही सांगणार नाही. आता ते नाहीत. आणि क्लबात मराठी वाचणारा कुणी नाही, त्यामुळं सेल्वमचीही अडचण व्हायची नाही. तेव्हा लिहितो.

मी कोल्हापूरचा. गिअर बनवणाऱ्या एका कारखान्यात तपासणी खात्यात नोकरी लागली आणि अंबत्तूरला आलो. भाषा येत नव्हती, जेवण घशाखाली उतरत नव्हतं. पहिल्याच रविवारी खोलीत पडलो होतो, तर रुळांच्या बाजूनं बॉलला लाथ बसल्याचा आवाज आला. कोल्हापूरच्या माणसाला हा आवाज ओळखायला खिडकी उघडावी लागत नाही. तसाच उठून गेलो. एका जुन्या कारखान्याचं मैदान, गवत नावाला, निळ्या बनियनमधली पोरं खेळत होती. त्यांच्या फॉरवर्डनं मोकळ्या गोलवरून बॉल उडवला, आणि माझ्या तोंडून आमच्या पेठेतली अस्सल शिवी बाहेर पडली. कोण समजणार आहे इथं, असं वाटलं.

लाइनवर एक म्हातारा उभा होता. किडकिडीत, पांढरा हाफ शर्ट, गुडघ्यापर्यंत दुमडलेली वेष्टी म्हणजे तिकडचं धोतर, कपाळाला गोपीचंदन, पाय अनवाणी. तो वळला आणि शांतपणे मराठीत म्हणाला, "हा शब्द आमचे आजोबा म्हणत होते. बहु दिवसांनी ऐकलों. जेवलां कां?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हे विठ्ठलराव. तंजावरचे मराठे राजे होते ना, त्यांच्या वेळी कुणी पूर्वज कारकून म्हणून खाली आला, तो इकडचाच झाला. विठ्ठलरावांनी महाराष्ट्र कधी पाहिला नव्हता. बँकेत नोकरी करून निवृत्त झालेले. घरात बायकोशी, म्हणजे आमच्या काकूंशी, बोलायचं ते मराठी, बाकी सगळं तमिळ. त्यांचं मराठी ऐकताना जुन्या पत्रातलं कुणी उठून बोलतंय असं वाटायचं. 'सगळं'ला 'अस्कं' म्हणायचे, 'दिसत नाही'ला 'दिसना', 'येणार नाही'ला 'येईना'. मला नावानं हाक कधीच मारली नाही. मी शेवटपर्यंत 'कोल्हापूर'च. "या कोल्हापूर, जेवलां कां?" चार गोलांनी हरत असलो तरी हा प्रश्न आधी.

मैदानात ते चपला घालून कधी आले नाहीत. फाटकाशी काढून ठेवायचे. ओरडायचे नाहीत. पंचाशी भांडायचे नाहीत, ते काम, क्लबात रुळून तमिळ यायला लागल्यावर, मी आनंदानं अंगावर घेतलं. पण त्यांच्या एका मानेवर अख्खी टीम चालायची. पेनल्टी कुणी मारायची, बाहेर कुणी यायचं, आत कुणी जायचं, पोरं आधी लाइनकडं बघायची. विठ्ठलरावांनी मान हलवली की झालं. आमच्या एका खेळाडूनं तर लग्नासाठी बघितलेल्या मुलीचा फोटो मैदानात आणला होता. हे फोटो बघत राहिले आणि तो बिचारा घाम पुसत उभा. मान हलली तेव्हा कुठं लग्न ठरलं.

आता त्यांची खोड सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यातून झालं. शुक्रवारी संध्याकाळी हे गृहस्थ पायी निघायचे आणि खेळाडूंच्या घरी जायचे. दोन घरं, तीन घरं. बसायचे, आईची चौकशी, कारखान्याची चौकशी. शनिवारी अकरा जणांची नावं निघायची ती या चौकशीतून. कुणाचा ओव्हरटाइम बंद झाला, तो आत. कुणाची बायको भांडून माहेरी गेली, तो आत. गोलकीपर आरुमुगमनं गेल्या खेपेला हातातले बॉल सोडले होते, पण त्याचा बाप दवाखान्यात, म्हणून तोच पुन्हा गोलमध्ये. आणि ज्याचं सगळं बरं चाललंय, पायात जोर आहे, तो बाकावर बसून केळी खातोय.

मी एकदा न राहवून म्हटलं, "सार, ही टीम आहे का धर्मशाळा?"

ते हसले. "टीम म्हणजे तेच नव्हे कां, कोल्हापूर?"

आमच्याकडं कोल्हापूरला तालमीच्या फुटबॉल टीममध्ये असं कुणी केलं असतं तर प्रेक्षकांनी त्याला रंकाळ्यात बुडवला असता. पण पोरं त्यांच्यासाठी जीव टाकायची. जीव टाकून हरायची.

आणि हरता हरता अशी वेळ आली की आम्ही गटात तळाला जाऊन बसलो. खालच्या गटात घसरलो की मैदान जाणार होतं. कारखान्याच्या मालकानं स्वच्छ सांगितलं होतं, या गटात आहात तोवर खेळा, नाहीतर मला तिथं गोदाम बांधायचंय. मैदान गेलं की क्लब गेला, हे कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

तंगराजनं बैठक बोलावली. चहा आला, वडे आले, आणि कुणी तोंड उघडेना. या लोकांचं एक आहे, मोठ्या माणसाला 'तुम्ही जा' म्हणायला जीभ वळत नाही. तंगराज म्हणाला, उन्हाळा फार आहे. दुसरा म्हणाला, सारांनी तब्येतीकडं बघायला पाहिजे. तिसरा म्हणाला, हल्ली सगळीकडं शिकलेले कोच येताहेत. विठ्ठलराव ऐकत होते. मग त्यांनी वडा खाऊन संपवला, हात पुसला आणि म्हणाले, "नवा मॅनेजर बघायचा आहे. बघू. आपल्या पद्धतीनं मीच आणतो."

ही पद्धत म्हणजे क्लबचा जुना रिवाज. जाणाऱ्या मॅनेजरनं येणाऱ्याच्या घरी ताट घेऊन जायचं. विड्याची पानं, सुपारी, नारळ, फळं, हळद. लग्नाचं बोलणं करायला जातात तसं. विठ्ठलरावांनाही असंच कुणी बोलावून आणलं होतं. आपल्याला काढणारे आपल्यालाच ताट घेऊन पाठवताहेत, हे त्यांना कळलं नसेल? सगळं कळलं होतं. त्यांनी फक्त तंगराजची जीभ सोडवली.

तंगराजनं दोन माणसं आधीच शोधली होती. एक जण लॅपटॉप घेऊन आला आणि मैदानाचे चौकोन पाडून बाण दाखवत बसला. विठ्ठलरावांनी लक्ष देऊन ऐकलं. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "हुशार आहे. पण बाणांना नावं नव्हती." दुसरा पूर्वी राज्याकडून खेळलेला. त्यानं आल्या आल्या सांगितलं, निम्मी टीम काढून टाकीन, नवी पोरं माझी आणीन. मला तो पसंत पडला होता, खोटं कशाला सांगू. विठ्ठलराव म्हणाले, "मग क्लब वाचला म्हणून कोण वाचलं?"

मग एका सकाळी माझ्याकडं आले. "वेलचेरीला जायचं आहे. ताट तुम्ही धरतां कां?"

वेलचेरीला, शहराच्या दुसऱ्या टोकाला, सेल्वम राहायचा. मी त्याचं नाव फक्त ऐकलं होतं. विठ्ठलरावांनी लहानपणापासून तयार केलेला, क्लबचा आजवरचा सगळ्यात चांगला सेंटर हाफ. एका स्पर्धेची फायनल होती, आणि त्या आठवड्यात आरुमुगमच्या थोरल्या भावाची नोकरी गेली. विठ्ठलरावांनी त्या भावाला खेळवलं आणि सेल्वमला बाकावर बसवलं. फायनल हरलो. सेल्वमनं बनियन तिथंच काढली आणि गेला तो गेला. कंपनीत नोकरीला लागला, तिच्या टीमचा कोच झाला, नाव काढलं. पण या मैदानाकडं वळून बघितलं नाही, आणि विठ्ठलरावांशी बोलला नाही.

आम्ही लोकल गाडीनं निघालो. ताट माझ्या मांडीवर, वर लाल कापड. शेजारी एक फुलवाली बसली होती. ताट बघून तिनं मोगऱ्याचा गजरा काढून त्यावर ठेवला, पैसे घेईना, आणि विचारलं, मुलाकडचे का मुलीकडचे?

मी काही बोलायच्या आत विठ्ठलराव म्हणाले, "मुलीकडचे."

ती म्हणाली, मुलगी नांदो. हे हात जोडून "होय अम्मा" म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले. बराच वेळ बघत होते. मला हसू आलं होतं, ते मी गिळलं.

सेल्वमच्या बायकोनं दार उघडलं. मागून सेल्वम आला. आता पोट सुटलेला, चष्मा लावलेला. त्यानं ताट बघितलं, आम्हाला बघितलं आणि आत यासुद्धा म्हणाला नाही. बायकोनंच आम्हाला बसवलं. दोघं तमिळमध्ये बोलले ते मी मराठीत सांगतो.

सेल्वम म्हणाला, "सार, तुम्ही मला फायनलला बसवलंत."

"बसवलं."

"चुकलं असं एकदा तरी म्हणा."

विठ्ठलरावांनी सरळ त्याच्याकडं बघितलं. मग म्हणाले, "कसं म्हणू? उद्या तशीच वेळ आली तर मी परत तुलाच बसवीन. मला दुसरं येत नाही, सेल्वा. म्हणून तर तू पाहिजेस."

माणूस माफी मागेल, रडेल, पाय धरेल, असं मला वाटलं होतं. यानं स्वतःचा दोष ताटात घालून समोर ठेवला. सेल्वमची बायको स्वयंपाकघराच्या दारात थांबली होती, तिनं डोळे पुसले. सेल्वम म्हणाला, "अकरा मी निवडणार. कुणाच्या घरी काय चाललंय ते मला कुणी सांगायचं नाही."

"नाही सांगणार."

सेल्वमनं खाली वाकून दोन्ही हातांनी ताट घेतलं.

सेल्वम आला आणि महिन्याभरात टीमचा नूर पालटला. पोरं पळायला लागली, बाकावर बसलेली आत आली. त्याच्या पहिल्या सामन्याला त्यानं विठ्ठलरावांसाठी लाइनजवळ खुर्ची ठेवली, सगळ्यांसमोर शाल घातली. विठ्ठलराव संकोचून बसले. आणि तिथं ते झालं.

आम्ही एका गोलनं पुढं होतो. शेवटची मिनिटं. आमचा बॅक दास पार थकला होता, लंगडत होता. बॉल बाहेर गेल्यावर सेल्वमनं बदली सांगितली, दासला हाक मारली. दासनं सेल्वमकडं बघितलं आणि मग सवयीनं खुर्चीकडं बघितलं. विठ्ठलरावांना तत्क्षणी कळलं. आपण मान हलवायची नाही, आता हा सेल्वमचा हुकूम, म्हणून त्यांनी मुद्दाम नजर खाली घातली. जमिनीकडं बघत राहिले. झालं उलटंच. सारांची मान हलली नाही म्हणजे बाहेर यायचं नाही, असं समजून दास जागचा हलेना. सेल्वम हाका मारतोय, दास खुर्चीकडं बघतोय. पंच किती थांबणार, त्यानं खेळ सुरू केला. पहिलाच बॉल दासच्या बाजूनं आत आला, आणि दास तिकडं पाठ करून उभा. गोल.

जिंकलेला सामना बरोबरीत गेला. दास तिथंच गुडघ्यात डोकं घालून बसला. दुसऱ्या कुठल्या गावात असं झालं असतं तर मी विश्वास ठेवला नसता.

दुसऱ्या दिवशी मी विठ्ठलरावांच्या घरी कॉफी पीत बसलो होतो, तेवढ्यात सेल्वम आला. काकूंनी त्यालाही कॉफी दिली. तो म्हणाला, ऊन वाढलंय. म्हणाला, आमच्याकडं पाण्याची लॉरी दोन दिवस आली नाही. मग काकूंच्या गुडघ्याची चौकशी केली. मी मनात म्हटलं, बाबा रे, आलास कशाला ते तरी सांग. आणि तो का सांगत नाही ते कळलं तेव्हा कॉफी कडू लागली.

विठ्ठलरावच म्हणाले, "सेल्वा, पुढच्या सामन्यापासून मी येणार नाही."

"सार, मी तसं काही म्हणालो नाही."

"तू म्हणणार नाहीस, म्हणून मीच म्हणतो. मी तिथं दिसलो की ती माझ्याकडं बघणार. खुर्चीवर नाही बसलो, फाटकाशी थांबलो, तरी बघणार."

मी म्हटलं, मग पोरांना नीट बोलावून सांगू, की सारांनीच असं ठरवलंय. तर माझ्यावरच उसळले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज चढलेला ऐकला. "सांगायचं नाही. मी ठरवलों म्हणून कळलं तर परत माझीच मान हलली, नव्हे कां? म्हातारा रागावला म्हणू देत. रागावलेल्या माणसाकडं कोणी बघना. मी असेपर्यंत बोलना म्हणून शब्द द्या, कोल्हापूर."

मी काकूंकडं बघितलं. त्या कपबशा उचलत होत्या, वर बघितलंच नाही त्यांनी. मी शब्द दिला. सेल्वम जाताना त्यांच्या पाया पडला आणि जिन्यात भिंतीला टेकून रडला.

मग सुरू झालं. म्हातारा रुसला. म्हाताऱ्याला खुर्ची सुटवेना. ज्यांच्या बापाला त्यांनी दवाखान्यात पोचवलं होतं, ती पोरंही बोलायला लागली. दास तर सगळ्यात पुढं. त्याला वाटायचं, तो गोल झाला म्हणून सारांनी आपल्यावर राग धरला. एक-दोनदा रस्त्यात भेटले तेव्हा विठ्ठलराव नुसते पुढं निघून गेले. शुक्रवारच्या फेऱ्याही बंद केल्या. मला म्हणायचे, "संध्याकाळी पाय आपोआप निघतात. मग मी पाय धुऊन बसतों." हे सांगताना हसायचे, आणि मला ते हसू बघवायचं नाही.

शेवटचा सामना आला. जिंकलो तर गटात राहणार, नाहीतर गोदाम. त्याच आठवड्यात दासचा कारखाना बंद पडला. सेल्वमनं कुणाला काही विचारलं नाही. त्यानं दासचा दुखरा पाय बघितला आणि त्याला बाहेर बसवलं, एका तरण्या पोराला खेळवलं. आणि बरोबर केलं. दोन गोलांनी जिंकलो. क्लब वाचला, मैदान वाचलं. ताशे आणले होते, पोरं नाचायला लागली, तंगराजनं मला उचलून घेतलं.

मी तिथनं निसटलो. विठ्ठलरावांना सांगायचं होतं. घरी गेलो तर काकू म्हणाल्या, "ते हिते नाहीत. सामना असला की स्टेशनवर जातात." कशाला, ते त्यांनी सांगितलं नाही.

स्टेशनच्या पुलावर लोकांची ये-जा चालली होती. मधोमध, कठड्याला धरून विठ्ठलराव उभे होते. तिथनं मैदानाचा एक कोपरा दिसतो. एक गोल आणि त्याच्या पुढचा थोडा तुकडा, बाकी कारखान्याच्या पत्र्याआड. एवढं बघायला ते प्रत्येक सामन्याला तिथं येत होते. मागून माणसं ढकलत होती, ते कठडा सोडत नव्हते.

मी म्हटलं, "सार, जिंकलो. राहिलो आपण गटात."

"कळलं. ताशे ऐकलों." त्यांनी माझा हात हातात घेतला, पण नजर खालीच. "दास एकटा निघाला, कोल्हापूर. मागच्या फाटकानं. त्याच्याबरोबर कोण नाही."

मी वाकून बघितलं. रुळांच्या कडेनं दास चालला होता. खांद्यावर पिशवी, लंगडत. मागं ताशे वाजत होते आणि तो गेल्याचं कुणाच्या गावीही नव्हतं.

"त्याचा कारखाना गेला म्हणून ऐकलों. मी जाऊ नये," विठ्ठलराव म्हणाले. त्यांनी माझा हात सोडला. "मी गेलों तर अस्कं परत होतं. तुम्ही जा. काही बोलू नका. नुसतं बरोबर चाला."

मी पायऱ्या उतरून धावलो, आणि फाटकाच्या पुढं दासला गाठलं. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. आम्ही चालत राहिलो. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "सार असते तर आज मला खेळवलं असतं. पण त्यांना आता आमचं काय पडलंय?"

सांगून टाकलं असतं, पण दिलेला शब्द होता. मी मागं वळून बघितलं. पुलावर गर्दीत ते अजून उभे होते, आमच्याकडं बघत. दासच्या शेजारी मी आहे, हे त्यांनी नीट बघून घेतलं. मग वळले आणि पलीकडच्या पायऱ्यांनी सावकाश उतरून गेले. त्यानंतर पंधरवड्यात काकूंना घेऊन ते बंगळूरला गेले. मला पुन्हा दिसले नाहीत.